खडू न लावलेला गोळा

४ मार्च

वहिनी,

परत येऊन तीन आठवडे झाले. फोन केला नाही. फोनवर तू विचारतेस, जेवलीस का, मी म्हणते, हो, आणि दोघी ठेवून देतो. पत्रात निदान पान भरावं लागतं.

निवड समितीचं पत्र काल आलं. सप्टेंबरच्या स्पर्धेच्या यादीत मी नाही. एकोणीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानलेत. खाली तीन सह्या आहेत, त्यांतली एक वाचता येत नाही. माझ्या जागी ती उंच मुलगी आहे, जी बस सुटायच्या वेळेला बूट शोधत असते. टाकते चांगलं.

मला काही वाटलं नाही. तू काळजी करशील म्हणून हे मुद्दाम लिहिते. पत्र वाचलं, पाकिटात परत घातलं, डबा भरला आणि कामावर गेले. दिवसभर खालचे जबडे घासले. घासताना नखाचा कोपरा उडाला, तोही दुपारी हात धुताना कळला.

आमचे मास्तर तुला माहीत आहेत, कवळ्यांच्या कामातले सगळ्यात जुने. जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "बाई, अंतिम फेरी एका गुणाने हुकली म्हणे. एक गुण म्हणजे केवढा असतो हो?" मग लॉन बोल्सचा खेळ टेबलावर मांडून दाखवला. प्लास्टर कालवायची रबरी वाटी उपडी ठेवली आणि म्हटलं, हे पिल्लू. जॅक म्हणायला हवं होतं, पण तोंडातून घरचाच शब्द गेला. प्लास्टरचे साचे म्हणजे गोळे. ज्याचा गोळा पिल्लूच्या सगळ्यात जवळ, त्याचा गुण. टेबलाची कड म्हणजे हिरवळीच्या टोकाचा चर. चरात पडलेला गोळा मेला. पण पडण्याआधी जो पिल्लूला लागून गेलाय, तो चरातही जिवंत धरतात. अट एकच. लागल्याबरोबर, पुढचा गोळा येऊन थांबायच्या आत, त्याच्यावर खडूची खूण करायला हवी.

"खूण कोण करतं?"

"पलीकडच्या टोकाला आपली स्किप, म्हणजे कर्णधार, उभी असते, ती. मी पहिली. मी टाकते आणि अलीकडेच थांबते. मध्ये तीस मीटर. माझी पाळी असेपर्यंत तिकडे जायचं नाही."

"मग तुमच्या स्किपने खूण नाही केली?"

"नाही."

"कोण ही बाई?"

"माझी वहिनी."

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, आज ऊन बरंच आहे.

शेवटचा डाव तुलाही आठवत असेल. गुण बरोबरीत. माझा दुसरा गोळा पिल्लूजवळ जाऊन बसला. त्यांच्या स्किपने शेवटचा गोळा जोरात मारला आणि पिल्लू, माझा गोळा, दोन्ही चरात गेले. पंच वाकल्या. गोळा फिरवून पाहिला, परत फिरवून पाहिला, आणि उचलून काठावर ठेवला.

वहिनी, तो लागला होता. मी पाहिलं. पिल्लू अर्धं बोट मागे सरकलं. खडू तुझ्या हातात होता.

आपल्या संघातली तिसरी सांगत होती की यादी बदलायला तीस जूनपर्यंत मुदत आहे, आणि स्किपने दोन ओळी लिहिल्या तर समिती ऐकते. मी लिही म्हणत नाही. लागला होता की नाही, एवढं कळव.

दादाला सांग, त्याने दिलेले मोजे एका धुण्यात आटले.

काडी


१५ मार्च

काडे,

पत्र मिळालं. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण तपासायला उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे होते आणि यंदा मुलींनी नद्या भलत्याच समुद्रांना नेऊन सोडल्यात.

यादीचं मला माहीत होतं. तुला आधी सांगायला हवं होतं, पण वाटलं, कागद आल्यावर कळलेलं बरं. वाईट वाटून घेऊ नकोस. एकशे बारा आंतरराष्ट्रीय सामने. अशा बायका बोटांवर मोजण्याइतक्या. एक पदक आहे. ते तू मेणाच्या पत्र्यांवर वजन म्हणून ठेवतेस असं ऐकलं, ते काढून भिंतीला लाव.

तू विचारलंस. मी खडू लावला नाही म्हणजे तो लागला नव्हता. तीस मीटरवरून गोळा पिल्लूच्या पुढे आहे की मागे, हेसुद्धा नीट कळत नाही, हे तुला मी सांगायला नको. तिसरीचं मनावर घेऊ नकोस. तिला सगळेच लागलेले दिसतात.

इथे सगळं ठीक. क्लबची हिरवळ तुझ्या दादाने यंदा फार बारीक कापलीय, गोळा थांबायलाच तयार नाही. त्याला म्हटलं, गवत आहे, दाढी नाही. तर म्हणाला, "तू टाकायचं बघ, गवताचं मी बघतो." गेल्या वर्षीची हौसही सुटलेली नाही. यंदाही क्लबची सगळी पिल्लं पिवळी रंगवून टाकली. पांढरी काय वाईट होती? रंगाचा डबा तीन दिवस न्हाणीघरात. शाळेत मी आता नकाशा दाखवायला मुलींनाच पुढे बोलावते, त्यांनाही सवय होते.

सप्टेंबरला मला जायचं आहे. ही सहावी स्पर्धा. एक्कावन्नाव्या वर्षी स्किप म्हणून नेतायत, त्याचं तुझ्या दादाला फार कौतुक. त्या उंच मुलीला तयार करायला पाच महिने आहेत. तिला बूट सापडले तर करीन.

तू इकडे ये चार दिवस. जबडे कुठे पळून जात नाहीत.

वहिनी


२३ मार्च

वहिनी,

तुझं अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं मोठं झालंय. चार पानं भरली, मजकूर पानभराचा. टपालखर्च वाढेल.

मी पहिल्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. समितीच्या पत्रात एक वाक्य आहे, तेवढं उतरवून देते. "कर्णधारांच्या अहवालानुसार पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचे गोळे शेवटच्या तीन डावांत जॅकपर्यंत पोहोचले नाहीत." कर्णधार तूच. अहवाल तुझा. मला वाटलं, मी विचारलं की तू आपणहून सांगशील. म्हणून ते झाकून ठेवलं होतं. तू सांगितलं नाहीस.

मला तुझ्याशी भांडायचं नाही. भांडायला जे लागतं ते सध्या माझ्यात नाही. सकाळी उठते, पाणी तापवते, बस पकडते. शनिवारी सरावाला जायची वेळ झाली की पाय आपोआप बुटांकडे जातात, मग मी त्यांना परत आणते. एवढंच.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी चौदाची होते. तुझ्या सामानात पुस्तकांचा खोका आणि चार गोळ्यांची पेटी. आई म्हणाली, सुनेने तोफेचे गोळे आणलेत. तू मला क्लबवर नेलंस आणि म्हणालीस, या काडीच्या हातात हा पेलणार कसा? त्या दिवसापासून मी काडी. शाळेतल्या बाईसुद्धा काडी म्हणायला लागल्या. नऊ महिने तू मला पिल्लूकडे बघू दिलं नाहीस. गोळ्याच्या एका अंगाला कल असतो, तो वळत जाणार, मग जिथे पोहोचायचंय तिकडे बघून टाकायचं नाही, बाजूला बघून टाकायचं.

एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा देशाकडून खेळले. मॅटवर उभी राहिले आणि हात गार पडले. तू पलीकडून चालत आलीस, सगळ्यांच्या देखत, आणि कानात म्हणालीस, "गोळा कुठे जाऊन थांबतो ते बघायचं काम माझं. तू माझा हात बघ. लागला तर खडूचा हात वर. नाही लागला तर खाली." मग परत चालत गेलीस. पंचांनी ताकीद दिली. तुझी ती एकच ताकीद असेल.

मास्तरांना अहवालाचं सांगितलं. ते म्हणाले, आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांच्या तोंडी ही म्हण रोज असते, धंदाच तो. पण त्या दिवशी त्यांनी ती हळू म्हटली.

तू खरंच तसं लिहिलंस का?

काडी


३ एप्रिल

काडी,

अहवाल स्किपने लिहायचा असतो, आणि स्किपला जे दिसलं ते त्यात लिहायचं असतं. मी तेच लिहिलं. नणंद म्हणून एक आणि खेळाडू म्हणून दुसरं, असं मी कधी केलं नाही. तू संघात आलीस तेव्हा काही जणी म्हणाल्या होत्या, वहिनीने घरचं माणूस घुसवलं. ते मी एकोणीस वर्षं ऐकून घेतलं. आता घरचं माणूस का काढलं, तेही ऐकून घेईन.

या विषयावर आणखी लिहू नकोस. तुझा दादा पत्र आलं की माझ्या तोंडाकडे बघत बसतो.

वहिनी


१० एप्रिल

वहिनी,

बरं.

संघाचा कोट धुऊन, इस्त्री करून समितीला परत पाठवला. परत मागितला नव्हता, पण कपाटात जागा लागते. डाव्या खिशात खडूचा तुकडा निघाला. तुझाच असणार, शाळेचा. तो ठेवलाय.

दादाला नमस्कार.

काडी


१८ जून

काडे,

दोन महिन्यांत तू लिहिलं नाहीस आणि मीही नाही. आता लिहिते ते ओळीवर ओळ गेली तर समजून घे. तुझा दादा म्हणाला, तू सांग, मी लिहितो. मी म्हटलं, हे मलाच लिहायला हवं.

मे महिन्यात क्लबचे घरगुती सामने होते. मी नव्या मुलींची स्किप. एकीचा गोळा आला, वळला, थांबला. मी खडूचा हात वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग खूण करायला वाकले आणि हाताला लागलं की गोळा आणि पिल्लू यांच्यात वीतभर जागा आहे. मला ती दिसली नव्हती, हातानेच कळली. मुली हसल्या. त्यांना वाटलं, बाई गंमत करतायत. मीही हसले.

तुझा दादा कडेला रूळ फिरवत होता. रूळ थांबवला नाही. घरी आल्यावर चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "दोन वर्षं पिल्लं रंगवतोय. तुला काय वाटलं, हौस?"

मला खरंच हौस वाटली होती.

दुसऱ्या दिवशी तो मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर लहान वयाची आहे, माझ्याच शाळेतली निघाली. म्हणाली, बाई, दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे, उजव्यात मोठा. कडेचं दिसत राहील, मधलं जात जाईल. चष्म्याने येणार नाही. आता समोरच्या माणसाला तोंड नसतं, कान असतात. तुझ्या दादाला म्हटलं, बरंच झालं, तुझे कान चांगले आहेत. तो हसला नाही.

हे मेमध्ये कळलं असं मी म्हणू शकते. पण मला त्याच्या आधी माहीत होतं. नाव माहीत नव्हतं, एवढंच. नकाशावर मुलींना पुढे बोलावत होते ते त्यांच्या सवयीसाठी नव्हतं.

आता उपांत्य सामन्याचं. तिथे पिल्लू पांढरं होतं. दुपार होती, हिरवळ चमकत होती. तुझा गोळा निघाला तो मला दिसला. वळला तो दिसला. आणि मग तो जिथे पोहोचायचा, नेमकं तिथे भोक. हिरव्या कापडाला इस्त्रीने पडावं तसं. मान वळवली तर गोळा थांबलेला, पिल्लूजवळ. लागून थांबला की नुसता, ते गेलं होतं. त्यांची स्किप शेजारी उभी होती, गप्प. तिने का बोलावं? खडू माझ्या बोटांत होता. मी स्वतःला सांगितलं, जे दिसलं नाही त्याच्यावर खूण करणं खोटं आहे. ते बरोबरच होतं. पण मला विचारता आलं असतं. पंचांना बोलावता आलं असतं, तुम्ही पाहिलंत का म्हणून. विचारलं असतं तर, एवढ्या जवळून तुम्हाला का नाही दिसलं, हा प्रश्न आला असता. म्हणून विचारलं नाही. मग तुझ्या नंतरची टाकायला आली, तिचा गोळा थांबला, आणि वेळ संपली.

अहवालाचा कागद छापील असतो. कोणाचे गोळे पोहोचले, कोणाचे नाही. दिसलं नाही असा रकाना नाही. शेवटच्या तीन डावांत मला एकही गोळा पोहोचताना दिसला नव्हता. तुझा नाही, दुसरीचा नाही, तिसरीचा नाही, माझाही नाही. पण त्यांना मोजून गुण मिळाले होते, त्यामुळे त्यांचं नाही म्हणता येत नव्हतं. तुझंच तेवढं म्हणता येत होतं. ते लिहिलं आणि सही केली. तुला लिहिलेली तीन एप्रिलची चिठ्ठीही मीच लिहिली.

परवा समितीला सगळं कळवलं. डॉक्टरचा कागद जोडला. सप्टेंबरला मी जाणार नाही, आणि काडीबद्दलचा अहवाल चुकीचा धरावा, असं लिहिलं. मुदत तीसपर्यंत आहे. तुला घेतील असं वाटतं.

माफ कर असं लिहिणार होते. दोनदा लिहून खोडलं. तो शब्द पानावर फार स्वस्त दिसतो.

एक मागते. तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, पिल्लू अर्धं बोट मागे सरकलं. ते मला परत लिही, सावकाश. गोळा कुठून आला, कसा लागला, पिल्लू कसं हललं. माझ्या पायाशी झालं आणि मलाच माहीत नाही.

वहिनी


२८ जून

वहिनी,

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी जिन्यात उभं राहून वाचलं. वर आले आणि भांडी घासली. मग परत वाचलं. ओळीवर ओळ दोनच ठिकाणी गेली आहे.

समितीचं पत्र तेवीसला आलं. सोबत एक छापील अर्ज. कर्णधारांचा अहवाल रद्द केला आहे. गोळा जॅकला लागला होता हे खेळाडूने वा सहकारी खेळाडूने स्वतः पाहिलं असल्यास तसं लिहून सही करून तीस जूनपर्यंत पाठवावं, म्हणजे नाव परत घेण्याचा विचार होईल. खाली ठिपक्यांची एक ओळ, सहीपुरती.

तिसरीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, तेव्हा वाटलं होतं लागला. आता इतक्या महिन्यांनी नक्की कसं सांगू? आणि मला सप्टेंबरला जायचंय गं." मी म्हटलं, बरोबर आहे. ती म्हणाली, रागावलीस? मी म्हटलं, नाही. खरंच नव्हते रागावले.

अर्ज चार दिवस कामावर नेला आणि परत आणला. मास्तरांनी पाहिला. म्हणाले, "करा की सही. दात दुखतो की नाही, हे ज्याचं तोंड त्यालाच कळतं. बाकीचे काय विचारतात?" मी पेन घेतलं. मास्तरांनी मेणाचे पत्रे सरकवून जागा करून दिली. पदक खाली पडलं. त्यांनी उचललं, फुंकर मारली आणि परत पत्र्यांवर ठेवलं.

वहिनी, तू सावकाश लिही म्हणालीस, म्हणून सावकाश लिहिते.

मी मॅटवर उभी होते. गोळा हातात नीट बसला होता, निघताना करंगळीला घासला नाही. चांगला सुटला की कळतं. बाजूच्या खुंटीच्या हातभर आत बघून टाकला. पहिली दहा मीटर मी त्याच्याकडे पाहिलं. तो वळायला लागला, आणि मी नजर उचलली. गोळ्यावरून उचलली, पिल्लूवरही ठेवली नाही. तुझ्या हातावर ठेवली.

एकोणीस वर्षं मी तेच केलं. तू सांगितलं होतंस, कुठे थांबतो ते बघायचं काम माझं. एकशे बारा सामन्यांत माझा एकही गोळा मी थांबताना पाहिलेला नाही. त्या दिवशी तुझा हात मला नीट दिसला. घड्याळाचा पट्टा सैल होता. बोटांत खडू उभा धरला होतास. हात खाली होता. मी थांबले. तिसरी माझ्या कानाशी म्हणाली, लागला गं. हात खालीच राहिला. मी मनात म्हटलं, नाही लागला, आणि मॅटवरून बाजूला झाले.

अर्धं बोट मी नंतर घातलं. विमानात बसल्यावर. असा गोळा लागला तर पिल्लू साधारण तेवढंच सरकतं, म्हणून. तीन आठवड्यांत ते इतकं पक्कं झालं की तुला लिहिताना मला ते दिसत होतं. पण पाहिलेलं नव्हतं. तू पाहिलं नव्हतंस म्हणून लागला नाही असं लिहिलंस, मी पाहिलं नव्हतं तरी लागला असं लिहिलं. कोणी कोणाला माफ करायचं ते तू ठरव.

अर्जावर लिहिलं, मी स्वतः पाहिलं नाही. सही केली. मास्तर म्हणाले, बाई, तुम्ही म्हणजे कमाल आहात, आणि वरचा जबडा घेऊन खिडकीपाशी गेले.

काल पाकीट टपालपेटीत टाकलं. मला काही वाटलं नाही असं लिहिणार होते. परत येताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले ती बसूनच राहिले. खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, चक्कर आली का? म्हटलं, नाही, बसलेय. ती पण थोडा वेळ बसली. मग तिचं दूध उतू जाईल म्हणून गेली.

आता सप्टेंबरला तू नाहीस आणि मी नाही. ती उंच मुलगी जाईल. तिला कळवलंय, एक जादा नाडी जवळ ठेव.

दादा पिल्लं का रंगवत होता ते मला कळलं. कडेचं दिसत राहणार असेल तर तुला स्किप होता येणार नाही, पण टाकता येईल. पिल्लूकडे बघून टाकायचंच नसतं, तूच शिकवलंस.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. दादाला सांग, हिरवळ फार बारीक कापू नको, आणि पिल्लू पिवळंच राहू दे. कोटाच्या खिशातला खडू माझ्याकडे आहे, तो आणते. तू मॅटवर उभी राहा. मी पलीकडे थांबते. लागला तर हात वर करीन. नाही लागला तर करणार नाही, तू कितीही वेळ वाट पाहिलीस तरी.

हात जरा बाजूला धरीन, उजव्या अंगाला, म्हणजे तुला दिसेल.

काडी